गरम पाण्याला पांढरा पाईप का चालत नाही? पाईपांबद्दल साध्या भाषेत

गिझरमधून बाहेर येणारा पाईप मधेच झोळी पडल्यासारखा लोंबायला लागला, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पांढरा पाईप आणि क्रीम कलरचा पाईप यांच्यात फरक फक्त रंगाचा नाहीये. लाईन टाकून गेलेल्या माणसाने थंड पाण्याचाच पाईप पुढे ओढत गिझरपर्यंत नेला होता, दिसायला सगळं एकदम छान, सुरुवातीला काही झालंही नाही, मग थंडी पडली, गिझर रोज जास्त वेळ चालायला लागला आणि पाईप मऊ पडत गेला. तेव्हापासून मी पाईप दिसला की त्याच्यावर काय छापलंय ते वाचते, काम करणाऱ्यांना प्रश्न विचारते, आणि जे समजलं ते इथे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. "सगळ्यात चांगला पाईप कुठला" या प्रश्नाला उत्तरच नाही. आत काय वाहणार, ते किती गरम असणार, किती दाबाने येणार, आणि पाईप स्वतः कुठे राहणार, म्हणजे उन्हात की भिंतीत की जमिनीखाली, एवढं सांगितलं की उत्तर आपोआप निघतं. आणि त्यात अजून एक धरायचं, जोड कसा होणार. कारण पाईप मधेच फुटण्यापेक्षा जोडावर गळणं कितीतरी जास्त वेळा होतं, आणि आपण मात्र पैसे मोजताना फक्त पाईपाकडे बघतो.

पीव्हीसीपासून, म्हणजे त्या पांढऱ्या पाईपापासून सुरू करू, कारण आजूबाजूला तोच जास्त दिसतो. याच्या वजनातला साधारण ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो आणि तो क्लोरीन येतो मिठापासून, म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक प्लास्टिक म्हणतो त्यातला निम्म्याहून जास्त भाग तेलातून आलेलाच नाही, मला हे वाचून खरंच आश्चर्य वाटलं होतं. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, ज्यापासून पीव्हीसी बनतं ते व्हिनाइल क्लोराइड उन्हात ठेवलं तर त्याचा पांढरा घट्ट पदार्थ झाला, पण तो कडक, ठिसूळ, आणि तापवून आकार द्यायला जावं तर खराब होणारा, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं त्याचं करायचं काय हे कुणाला सुचलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमनने त्यात दुसरी द्रव्यं मिसळून तो मऊ आणि लवचिक करून दाखवला, आणि १९३० च्या दशकात जर्मनीत त्याचे पाण्याचे पाईप बनायला लागले.

यूपीव्हीसी असं पाईपावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इथेच आहे. "यू" म्हणजे मऊ करणारं द्रव्य न घातलेला, कडक पीव्हीसी. तेच द्रव्य घातलं की बागेत पाणी घालायची लवचिक नळी होते, म्हणजे टणक पाईप आणि वेटोळं होणारी नळी दोन्ही एकाच घरचे. जुनी नळी काही वर्षांनी कडक होऊन मोडायला लागते ना, त्याचं मोठं कारण म्हणजे ते मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर निघून जातं.

आता माझ्या लोंबलेल्या पाईपाचं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ६० डिग्रीच्या आसपास संपते, आणि तिथे पोचेपर्यंत तो ठणठणीत असतो असं अजिबात नाही, ६० डिग्रीला त्याची दाब सोसायची ताकद थंड असतानाच्या पाव भागापेक्षाही कमी उरलेली असते. ८० च्या आसपास तर तो सरळ मऊच पडतो. म्हणून मग सीपीव्हीसी. याच पीव्हीसीला आणखी क्लोरीन चढवतात, ५७ वरून ६३ ते ६९ टक्क्यांच्या मधे कुठेतरी नेतात, आणि तेवढ्या बदलाने तो साधारण ९३ डिग्रीपर्यंत टिकतो. क्रीम कलरचा जो पाईप गिझरच्या लाईनीला दिसतो तो हा. मात्र याचं जोड करायचं सोल्युशन वेगळं येतं, पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला लावलं तर जोड त्या दिवशी धरल्यासारखा वाटेल पण गरम पाण्याखाली त्याचा भरवसा नाही.

सोल्युशनवरून एक सांगायचंच आहे. लोक त्याला गम समजतात. तो गम नाही, तो प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतो, पाईपाचा आणि फिटिंगचा दोन्हीचा, आणि ते दोन विरघळलेले थर एकमेकांत मिसळून पुन्हा घट्ट होतात, म्हणजे तो खरं तर एक प्रकारचा वेल्डच असतो. त्याच्यामुळेच पाईप घालताना जरासा फिरवायचा आणि मग साधारण अर्धा मिनिट दाबून धरायचा. सॉकेट आतून किंचित निमुळतं असतं, सोडलं की पाईप स्वतःहून मागे सरकतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका, आणि तोच जोड पुढे गळतो. घाईत काम करणारा हे अर्धं मिनिट देत नाही. शेजारी उभं राहून बघायचं असेल तर मी हेच बघेन.

पीव्हीसीला ऊनही सोसत नाही. गच्चीवरचे पाईप पांढरट, खडूसारखे होतात आणि मग जरा धक्का लागला की तडकतात, त्यामुळे उघड्यावर असेल तर रंग मारून घ्यावा किंवा झाकावा. दुसरं म्हणजे प्लास्टिक तापलं की खूप वाढतं. १० मीटरचा पीव्हीसी पाईप ३० डिग्रीने तापला तर साधारण २ सेंटिमीटर लांब होतो, तेवढाच लोखंडी पाईप जेमतेम साडेतीन मिलिमीटर. म्हणून प्लास्टिकच्या पाईपाचे क्लॅम्प त्याला घट्ट आवळून धरायचे नसतात, त्याला आत सरकायला जागा लागते, नाहीतर तो नागमोडी होतो आणि सगळा ताण जाऊन बसतो एल्बोवर, म्हणजे पाईप वळवायच्या फिटिंगवर.

पीपीआर हा हिरवा किंवा पांढरा जाड पाईप, पॉलिप्रॉपिलीनचा. याला सोल्युशन लागत नाही कारण याला ते चिकटतच नाही, २६० डिग्रीच्या मशीनवर पाईप आणि फिटिंग दोन्ही काही सेकंद तापवून एकमेकांत दाबतात आणि जोड असा एकजीव होतो की कापून बघितलं तर मधली रेघ सापडत नाही. जास्त वेळ तापवलं तर मात्र वितळलेलं प्लास्टिक आत कड्यासारखं गोळा होतं आणि पाणी कमी येतं, आणि हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. पेक्स म्हणून अजून एक प्रकार आहे, पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकांना बांधून बनवलेला, लवचिक, गरम पाण्याला चालणारा, थंड देशांत फरशीखाली गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवतात तिथे हाच पसरलेला असतो. दोन थरांच्या मधे ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला कॉम्पोझिट पाईप येतो तो वाकवला की वाकलेलाच राहतो, नुसतं प्लास्टिक परत सरळ व्हायला बघतं, एवढाच त्या पत्र्याचा मोठा फायदा नाही, त्याच्यामुळे पाईप तापल्यावर वाढतोही कमी.

आता साईजचा घोळ, कारण इथे भलेभले फसतात. अर्धा इंची लोखंडी पाईप मोजून बघा, त्यात अर्धा इंच कुठेच सापडणार नाही. बाहेरून तो २१.३ मिलिमीटर भरतो आणि आतून साधारण १६. अर्धा इंच म्हणजे १२.७. तर ते अर्धा इंच हे आता नुसतं नाव उरलंय, जुन्या काळी भिंत जाड होती तेव्हा आतलं माप त्याच्या जवळ जायचं. आटे आणि फिटिंग जुळायला हवेत म्हणून बाहेरचं माप पक्कं ठेवलं आणि भिंत जाड-पातळ केली की बदल आतल्या बाजूला होतो. प्लास्टिकच्या पाईपांत मिलिमीटरमधलं माप बहुतेक वेळा बाहेरचं असतं. २० मिलिमीटरचा जाड भिंतीचा पीपीआर आतून १३ च्या आसपास असतो. म्हणजे जुना अर्धा इंची लोखंडी काढून त्याच्या जागी "तेवढाच" २० चा पीपीआर बसवला तर पाण्याची वाट जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली, आणि मग नवीन पाईप टाकूनही धार बारीक का हे कोडं पडतं. अर्थात जुना पाईप गंजाने भरलेला असेल तर फरक जाणवणारही नाही, उलट धार वाढेल.

आणि धार म्हणजे प्रेशर नाही हेही इथेच सांगते. नळ बंद असताना पाईपातला दाब फक्त पाणी किती उंचीवर आहे त्यावर ठरतो, १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं माप). टाकी नळाच्या ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच, मग टाकीतून खाली ४ इंची पाईप आणा नाहीतर १ इंची. जाड पाईपाने दाब वाढत नाही. पण नळ उघडल्यावर पाणी वाहायला लागतं, पाईपाच्या भिंतीला घासतं, वळणांवर अडतं, आणि तिथे दाब खर्च होतो, तो खर्च जाड पाईपात खूपच कमी. पाईपाचा आतला व्यास दुप्पट केला तर आतली जागा चौपट होते पण तेवढ्याच दाबावर पाणी मात्र साडेपाच-सहा पट वाहतं, कारण भिंतीच्या मानाने मधलं पाणी जास्त होतं. म्हणून शॉवरला जोर नाही अशी तक्रार असेल तर आधी उंची बघा, मग पाईप, आणि एल्बो किती आलेत तेही मोजा.

जीआय पाईप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, घराघरात वर्षानुवर्षं होता. जस्त इथे रंगासारखं नुसतं झाकण म्हणून नसतं, ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः खर्च होऊन तेवढ्या जागेला सांभाळतं. पण जोडासाठी आटे पाडले की तिथलं जस्त कापलंच जातं आणि वर भिंतही पातळ होते, म्हणून जीआयचा गंज बघा, बहुतेक आट्यांपाशी सुरू झालेला दिसेल. आतून गंजाच्या गाठी वाढत जातात, १ इंची पाईपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली मी स्वतः बघितलीय. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर ही त्याचीच खूण. जीआयला तांब्याची फिटिंग थेट जोडू नये, दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि जस्त आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं.

आट्यांवर जो पांढरा टेफ्लॉन टेप गुंडाळतात तो आवळायच्या दिशेनेच गुंडाळायचा, उलटा गुंडाळला तर फिटिंग फिरवताना तो उकलत जातो. आणि प्लास्टिकच्या आतल्या आट्यात धातूचा नळ जोर लावून आवळू नये, तो पाचरीसारखा आत जातो आणि फिटिंगला उभी चीर पडते, म्हणूनच नळाच्या जागी पितळी आट्यांची फिटिंग वापरतात.

थोडं मागे जाऊ, कारण पाईपांच्या इतिहासात माणसाने काय काय वापरून बघितलंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सिंधू संस्कृतीच्या शहरांत साडेचार हजार वर्षांपूर्वी भाजलेल्या मातीच्या नळ्या होत्या, एकीचं तोंड दुसरीत बसेल अशा, आणि आजचा ड्रेनेजचा पाईप अजूनही तसाच एकात एक बसतो. रोमन लोकांनी शिसं वापरलं, शिशाला लॅटिनमध्ये प्लंबम, त्यावरूनच प्लंबर हा शब्द आला. शिशाच्या नळीतल्या पाण्यापेक्षा मातीच्या नळीतलं पाणी जास्त आरोग्याचं असं व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुविशारद त्या काळी लिहून गेला होता, तरी शिशाचे पाईप पुढे दोन हजार वर्षं बसत राहिले, कारण ते मऊ, वाकवायला सोपे आणि टिकाऊ. अमेरिकेत नवीन कामात त्यांच्यावर बंदी आली ती १९८६ मध्ये. आधी बसवलेले तसेच राहिले. बऱ्याच वेळा त्यांच्या आत क्षारांचा थर जमतो आणि तो पाणी आणि शिसं यांना वेगळं ठेवतो, पण २०१४ मध्ये तिथल्याच फ्लिंट शहरात पाणी आधीच्या ठिकाणाऐवजी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात केली, गंज रोखणारं रसायन घातलं नाही, तो थर सुटला आणि लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढलं. पाईप तोच होता. पाणी बदललं. म्हणून आत काय वाहणार हा प्रश्न मी सगळ्यात आधी ठेवते.

लाकडाचेही पाईप होते, ओंडके मधून पोखरून. लंडनमध्ये एल्मच्या लाकडाचे ओंडके जमिनीखाली होते, आग लागली की रस्ता खणायचा, ओंडक्याला भोक पाडून पाणी घ्यायचं आणि नंतर लाकडी खुंटी ठोकून ते बंद करायचं, इंग्रजीत आगीच्या बंबाच्या नळाला फायरप्लग म्हणतात ते या खुंटीवरून. पुढे १९व्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यांवर गॅसचे दिवे आले तेव्हा लांब लोखंडी नळ्या स्वस्तात मिळायच्या नाहीत, तर जुन्या बंदुकांच्या नळ्या एकाला एक जोडून गॅस नेला. १८२५ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने तापवलेली लोखंडी पट्टी ओढून तिची नळी करायची आणि कडा एकमेकांना जोडायच्या असं पेटंट घेतलं आणि मग कुठे लोखंडी पाईप भराभर बनायला लागला.

ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा पाईप वजनदार आणि ठिसूळ, पण जमिनीखाली प्रचंड टिकतो, व्हर्सायच्या राजवाड्याच्या कारंज्यांसाठी १७व्या शतकात टाकलेले बिडाचे पाईप तीनशे वर्षं चालले. आता शहराच्या मोठ्या लाईनींना डक्टाइल आयर्न असतं, त्यात थोडं मॅग्नेशियम घातलं की आतला कार्बन पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतो आणि तेच बीड तडकण्याऐवजी जरा वाकायला लागतं.

काळा एचडीपीई पाईप, म्हणजे घट्ट जातीच्या पॉलिथिलीनचा, मला मनापासून आवडतो. रस्त्याच्या कडेला मोठमोठी वेटोळी पडलेली असतात ना, तो. लांबच लांब एकसंध येतो, म्हणजे जोडच कमी, आणि जोड येतो तिथेही दोन तोंडं गरम तव्यावर वितळवून एकमेकांवर दाबतात, व्यवस्थित केलेला जोड पाईपाइतकाच मजबूत असतो. जमीन जरा हलली तरी तो तिच्याबरोबर हलतो. काळा का, तर त्यात २ ते २.५ टक्के काजळी मिसळलेली असते, ती ऊन स्वतः शोषते आणि प्लास्टिकला वाचवते, म्हणून हा पाईप उघड्यावर पडला तरी पीव्हीसीसारखा खडू होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या पाईपावर बऱ्याच ठिकाणी निळे पट्टे असतात, आणि गॅससाठी पिवळा पॉलिथिलीन. शेतात ठिबकच्या ज्या बारीक काळ्या नळ्या असतात त्याही याच कुटुंबातल्या, फक्त जास्त मऊ जातीच्या, आणि त्यांच्या ड्रिपरमध्ये पाण्याला मुद्दाम वेड्यावाकड्या वाटेने फिरवतात, दाब तिथे मरतो आणि बाहेर थेंब थेंबच येतो.

तांब्याचा पाईप एसी आणि फ्रिजमध्ये, कारण तो उष्णता पटकन देतो-घेतो, हाताने वाकतो आणि पाण्याच्या लाईनीपेक्षा कितीतरी जास्त दाब सोसतो. एसीच्या दोन युनिटांमधे एक जाड आणि एक बारीक पाईप असतो बघा, बारीकातून द्रव आत जातो, जाडातून थंड वायू परत येतो, आणि त्या जाडावर फोम नसेल तर हवेतली वाफ त्याच्यावर जमून भिंत ओली होते. फोम फाटला असेल तर बदलून घ्या. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या लाईनीही तांब्याच्याच. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर स्वतःहून तयार होतो आणि खरवडला तरी परत भरून येतो, म्हणून दुधाच्या आणि औषधांच्या कारखान्यात तो लागतो. पण खारट पाण्यात त्यालाही टाचणीएवढी भोकं पडतात, "स्टेनलेस आहे, काही होत नाही" असं समजून बसू नये.

ड्रेनेजचं जग मात्र एकदम वेगळं. इथे दाब नसतो, पाणी फक्त उतारावर जातं आणि पाईप अर्धा रिकामा असावाच लागतो. त्यामुळे पाईप पातळ चालतो पण उतार चुकला तर सगळंच चुकलं. ४ इंची पाईपाला साधारण ४० ला १ असा ढाळ देतात, पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ तळाशी बसायला लागतो. पातळ ड्रेनेज पाईप कुणी दाबाच्या लाईनीला वापरला तर तो फुटणारच, रंगावर जाऊ नका, पाईपावर दाबाचा आकडा छापलाय का ते बघा.

बेसिनखाली पाईप वळसा घेऊन येतो तो जागा अडवायला नाही. त्या वळणात पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळं बनवणाऱ्याने संडासाच्या भांड्याखाली असं वळण देऊन पेटंट घेतलं. बरेच दिवस न वापरलेल्या बाथरूममध्ये घाण वास येतो तो बहुतेक वेळा ते पाणी सुकल्यामुळे, एक तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो. आणि दुसरीकडे फ्लश केल्यावर बेसिनमधून गुडगुड आवाज येत असेल तर समजा हवेचा पाईप नाहीये किंवा चोंदलाय. खाली जाणारं पाणी मागे हवा ओढतं, हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं, म्हणजे त्या वळणातलं पाणीच ओढून नेतं. गच्चीच्या वर निघालेला उघड्या तोंडाचा पाईप त्या हवेसाठी असतो, तो उगाच सोडलाय असं समजून बंद करू नये.

रस्त्याखालचे मोठे सिमेंटचे पाईप आपण ह्यूम पाईप म्हणतो, ते नाव ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमचं, त्याने १९१० मध्ये साचा गरागरा फिरवून काँक्रीट भिंतीला दाबून बसवायची पद्धत काढली. या पाईपांना गटारात एक विचित्र रोग होतो. घाण पाणी तळाशी असतं पण पाईप सडतो वरून. पाण्यातून सडक्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू वर जातो, छताच्या ओलीत राहणारे जिवाणू त्याचं गंधकाचं आम्ल करतात, आणि ते आम्ल काँक्रीट खातं. रस्ता अचानक खचतो त्यामागे कधीकधी हेच असतं. चकचकीत भाजलेल्या मातीच्या पाईपाला किंवा प्लास्टिकला हे आम्ल काही करत नाही.

पंपाला लावायच्या नळीबद्दल थोडक्यात. पंपाच्या पुढे जाणारी नळी चपटी, कापडासारखी चालते कारण पाणी तिला फुगवतं. मागची, ओढणारी नळी मात्र कड्या असलेलीच हवी, कारण तिथे आत दाब कमी असतो आणि बाहेरची हवा तिला चेपते. आणि पंप वर बसवून पाणी १०.३ मीटरपेक्षा खोलवरून ओढता येत नाही, कितीही ताकदीचा असला तरी, कारण पाणी वर ढकलते ती हवा आणि हवेचा जोर तेवढाच. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच धरा. विहीर त्याहून खोल असेल तर पंप खाली पाण्यात सोडावा लागतो, तिथून तो ओढत नाही, ढकलतो.

पाईप फुटतो तेव्हा बहुतेक उभा का फाटतो? आतला दाब भिंतीला सगळीकडून बाहेर ढकलतो, आणि हिशोब केला तर गोलाईच्या दिशेने ताण लांबीच्या दिशेपेक्षा बरोबर दुप्पट येतो. म्हणून चीर लांबीला पडते. आणि हा दाब नेहमी टाकीचाच असतो असं नाही. नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन आवाज येतो, तो चालत्या पाण्याला एकदम थांबवल्याचा. लोखंडी पाईपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एका क्षणात अडवलं तर दाब साधारण १२ बारने उसळतो, म्हणजे १२० मीटर उंच टाकीएवढा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्कीने १८९०च्या दशकात मॉस्कोच्या पाण्याच्या लाईनींवर प्रयोग करून हे गणित मांडलं. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह असाच फटकन बंद होतो. आवाज येत असेल तर लाईन क्लॅम्पने नीट धरून घ्यावी आणि हवेचा छोटा कप्पा असलेलं धक्काशोषक बसवून घ्यावं, आज नुसता आवाज आहे पण जोड रोज मार खातोय.

काही पाईपांतून तर काही बाहेरच येत नाही. लॅपटॉपच्या आत तांब्याची चपटी बंद नळी असते, तिच्यात थोडंसं पाणी, प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पंख्यापाशी परत पाणी होतं आणि आतल्या जाळीतून झिरपत मागे येतं, ना पंप ना वीज. अलास्कातली १९७७ मध्ये सुरू झालेली तेलाची पाईपलाईन जवळजवळ १२८८ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या खांबांत अशाच अमोनिया भरलेल्या नळ्या लाखाच्या वर आहेत, त्या जमिनीतली उष्णता वर काढतात, कारण खालची गोठलेली जमीन वितळली तर खांबच खचतील. ती पाईपलाईन जमिनीवर मुद्दाम नागमोडी टाकलीय, वाढायला आणि भूकंपात सरकायला जागा मिळावी म्हणून, आणि २००२ च्या ७.९ च्या भूकंपातून ती तेल न सांडता वाचली. गच्चीवरच्या पीव्हीसीच्या क्लॅम्पमधली सैल जागा ती हीच, फक्त माप वेगळं.

तुमच्या घरात नवीन लाईन पडत असेल तर भिंत बंद करायच्या आधी दोन कामं करून घ्या. सगळी तोंडं बंद करून लाईनीत पाणी भरायचं, हवा काढून टाकायची आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा काही तास बघायचा, काटा खाली आला तर कुठेतरी जोड सुटलाय आणि तो आत्ता दिसतोय, प्लॅस्टर झाल्यावर दिसणार नाही. आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, पाईपाशेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे कधी खिळा ठोकायची वेळ आली की लाईन फरशीपासून किती उंचीवर आहे ते फोटोतच सापडेल.